चांदीचे नॅनोकण आणि जखमा: पानांच्या अर्कातून बनणारी चांदी कितपत उपयोगी?

मधुमेहाचा एक रुग्ण पायाला फडके गुंडाळून ओपीडीत येतो. फडके सोडले की आत वाळलेला हिरवट लेप दिसतो. "कडुलिंबाचा पाला वाटून लावलाय, डॉक्टर. पेपरात आलं होतं, कडुलिंब आणि चांदी मिळून जखमेतले जंतू मारतात म्हणून. चांदी कुठून आणणार, म्हणून नुसता पाला लावला." लेप धुऊन काढल्यावर अंगठ्याच्या बुडाशी नाण्याएवढी खोल जखम दिसते. कडा जाड आणि पांढऱ्या झालेल्या असतात. दुखत नाही म्हणून त्यांनी तीन आठवडे घरीच काढलेले असतात. खरे तर ती दुखत नाही हीच काळजीची गोष्ट असते, कारण मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली असते.

थोड्याफार फरकाने असे रुग्ण जखमांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला भेटतात. त्यांनी वाचलेली बातमी खोटी नसते. वनस्पतींच्या अर्कातून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवता येतात आणि ते कण जंतू मारतात, हे खरे आहे. यातले बरेच सुरुवातीचे काम आपल्या पुण्यातच झाले आहे. पण प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मरणे आणि तुमच्या पायावरची जखम भरणे यांच्यात बरेच टप्पे आहेत. ते टप्पे कोणते, आज आपण नेमके कुठे आहोत आणि तोपर्यंत जखमेची काळजी कशी घ्यायची, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- चांदी जंतुनाशक आहे. तिचे अतिसूक्ष्म कण कमी मात्रेतही प्रभावी ठरतात.
- "हरित पद्धत" म्हणजे हे कण घातक रसायनांऐवजी वनस्पती, बुरशी किंवा जिवाणू यांच्या मदतीने बनवणे.
- हरित पद्धतीने बनवले म्हणून ते कण आपोआप सुरक्षित ठरत नाहीत. चांदी ती चांदीच.
- पाल्याचा लेप आणि नॅनोकणांचे औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- जखम भरण्यासाठी स्वच्छता, रक्तपुरवठा, साखरेचे नियंत्रण आणि जखमेवरचा दाब काढणे जास्त महत्त्वाचे आहे. चांदी फक्त मदतनीस आहे.

जखम चिघळते कशी?

कातडी हे आपल्या शरीराचे कुंपण आहे. ते तुटले की जंतूंना आत शिरायला वाट मिळते. कोणत्याही उघड्या जखमेवर काही जंतू असतातच. त्याने लगेच बिघडत नाही. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा समाचार घेतात, खाली लालसर दाणेदार नवे मांस तयार होते आणि कडांकडून नवी कातडी सरकत येऊन जखम झाकते.

जंतूंची संख्या वाढली किंवा शरीराची ताकद कमी पडली की गणित बिघडते. मधुमेह, पायाच्या रक्तवाहिन्यांचे आजार, कुपोषण, तंबाखू आणि सतत एकाच जागी येणारा दाब ही त्याची नेहमीची कारणे आहेत. मग जंतू जखमेच्या तळाशी चिकटून स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला जसा निसरडा थर धरतो, तसाच हा प्रकार. या थराच्या आत बसलेल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. अनेक जंतू आता अँटिबायोटिकना दाद देत नाहीत. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यामुळे जंतू मारण्याचे वेगळे मार्ग शोधणे गरजेचे झाले. त्या शोधात संशोधक पुन्हा एका जुन्या धातूकडे वळले.

चांदीचा वैद्यकीय इतिहास

१८८०च्या सुमारास जर्मनीतील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायला सुरुवात केली. त्यामुळे जन्माच्या वेळी आईकडून होणाऱ्या जंतुसंसर्गाने येणारे अंधत्व मोठ्या प्रमाणात कमी झाले. १९६५ मध्ये भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर नायट्रेटचे ०.५ टक्के द्रावण पुढे आले. १९६८ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझीन हे मलम आणले. भाजल्यावर दवाखान्यात लावतात ते पांढरे मलम तुम्ही पाहिले असेल. बहुतेक वेळा ते हेच असते. १९९०च्या दशकात चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर दिलेली ड्रेसिंग बाजारात आली.

म्हणजे जखमेवर चांदी वापरणे नवे नाही. नवे आहे ते चांदीला अतिशय लहान करणे आणि ते पर्यावरणाला कमी त्रास देऊन करणे.

नॅनोकण म्हणजे किती लहान?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. आपली लाल रक्तपेशी सुमारे ७ ते ८ हजार नॅनोमीटर रुंद असते. एक सामान्य जिवाणू साधारण हजार नॅनोमीटरचा असतो. त्याच्यापुढे २० नॅनोमीटरचा कण म्हणजे भोपळ्यापुढे मोहरी.

लहान करून काय साधते? पृष्ठभाग वाढतो. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. तोच ठोकळा १० नॅनोमीटरच्या घनांमध्ये कापला, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. म्हणजे कबड्डीची साडेचार मैदाने! चांदी तेवढीच, पण जंतूंच्या संपर्कात येणारी जागा दहा लाख पटीने वाढली.

चांदी जंतूंना कशी मारते?

ओलाव्यात चांदीच्या कणांपासून विद्युतभार असलेले अणू, म्हणजे चांदीचे आयन, हळूहळू सुटतात. मुख्य काम हे आयन करतात.

१. जिवाणूच्या बाह्य आवरणाला चिकटून ते आवरण दुबळे करतात. मग आतला ऐवज बाहेर गळू लागतो.
२. जिवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकयुक्त भागांना घट्ट धरतात. त्यामुळे त्याची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पडते.
३. पेशीच्या आत ऑक्सिजनची तिखट, नासधूस करणारी रूपे तयार होतात.
४. डीएनएच्या कामात अडथळा येऊन जिवाणूची वाढ थांबते.

बहुतेक अँटिबायोटिक एखाद्याच ठिकाणी घाव घालतात. चांदी एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणून जिवाणूंना तिच्याविरुद्ध प्रतिकार निर्माण करणे अवघड जाते. मात्र अशक्य नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील एका जळीत कक्षात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारे साल्मोनेला जंतू सापडल्याची नोंद झाली होती. म्हणून चांदीही जपूनच वापरायला हवी.

"हरित पद्धत" म्हणजे नेमके काय?

चांदीचे नॅनोकण बनवण्यासाठी सुरुवात सहसा सिल्व्हर नायट्रेटपासून होते. पाण्यात विरघळले की त्यातले चांदीचे आयन मोकळे होतात. या आयनांना इलेक्ट्रॉन दिला की धातूरूप चांदी तयार होते आणि तिचे अणू एकत्र येऊन कण बनतात. इथे दोन कामे करावी लागतात. आयनांना इलेक्ट्रॉन देणारा कुणी हवा, आणि तयार झालेले कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर वेष्टन चढवणारा कुणी हवा.

रासायनिक पद्धतीत पहिले काम सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझीनसारखी रसायने करतात. हायड्रॅझीन अत्यंत विषारी आहे. अशा रसायनांचे अंश कणांना चिकटून राहिले तर जखमेसाठी धोका, आणि कारखान्याच्या सांडपाण्यात गेले तर नदीनाल्यांना धोका.

हरित पद्धतीत ही दोन्ही कामे वनस्पतींचा अर्क करतो. पाने स्वच्छ धुऊन शुद्ध पाण्यात उकळतात आणि गाळून घेतात. हा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या अगदी सौम्य द्रावणात मिसळतात. बऱ्याच प्रयोगांत लिटरभर पाण्यात सुमारे १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट इतके ते सौम्य असते. पानांतली पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड, टर्पेनॉइड आणि प्रथिने आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि कणांभोवती वेष्टनही तयार करतात. थोड्या वेळात फिकट द्रावण पिवळे आणि मग तपकिरी होते. चांदीचे नॅनोकण तयार झाल्याची ही डोळ्यांना दिसणारी खूण आहे. एवढे लहान कण जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून आपल्याला तो रंग दिसतो.

या संशोधनात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बुरशीच्या मदतीने चांदीचे नॅनोकण बनवल्याचे प्रसिद्ध केले. २००४ मध्ये याच गटाने कडुलिंबाच्या पानांचा अर्क वापरून चांदी आणि सोने या दोन्हींचे कण बनवल्याचे दाखवले. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्वचेवर लावण्यासाठी चांदीच्या नॅनोकणांचे जंतुनाशक जेल तयार केल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटानेही या विषयावर भरपूर काम केले आहे. त्यानंतर तुळस, कोरफड, हळद, लसूण अशा असंख्य वनस्पती जगभर वापरून झाल्या.

"हरित" म्हणजे "निर्धोक" का?

नाही. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहू.

*पहिली: बनवण्याची पद्धत हरित असते, पदार्थ तोच राहतो.* अर्कातून बनलेली चांदीही चांदीच असते. जास्त मात्रेत ती आपल्या पेशींनाही इजा करते. जखम भरताना नवी कातडी बनवणाऱ्या केराटिनोसाइट आणि मांस भरणाऱ्या फायब्रोब्लास्ट या पेशी चांदीला संवेदनशील असतात. जंतू मरावेत पण या पेशी जगाव्यात, अशी मात्रा सापडणे हा औषधाचा खरा कस आहे.

*दुसरी: प्रत्येक वेळी सारखेच कण मिळत नाहीत.* पावसाळ्यातला कडुलिंब आणि उन्हाळ्यातला कडुलिंब, कोकणातली तुळस आणि विदर्भातली तुळस यांतल्या रसायनांचे प्रमाण वेगळे असते. त्यानुसार कणांचा आकार आणि वेष्टन बदलते, आणि परिणामही बदलतो. औषध म्हणून वापरायचे तर आज बनवलेली बाटली आणि सहा महिन्यांनी बनवलेली बाटली सारखीच हवी. ही अडचण सोडवल्याशिवाय प्रयोगशाळेतून दवाखान्यात येता येत नाही.

*तिसरी: पर्यावरणाचा हिशेब बाटली भरली की संपत नाही.* विषारी रसायने टळली ही चांगलीच गोष्ट आहे. पण चांदी खाणीतूनच येते, आणि धुऊन गटारात गेलेली चांदी पाण्यातली शेवाळे व सूक्ष्म जलचर यांना घातक ठरते. त्यामुळे चांदी गरज असेल तिथेच आणि तेवढीच वापरणे हाही पर्यावरणपूरकतेचा भाग आहे.

बातमी वाचताना स्वतःला हे चार प्रश्न विचारा

"अमुक वनस्पतीच्या नॅनोकणांनी जखमा बऱ्या" असे पुन्हा वाचनात आले, तर पुढील गोष्टी शोधा.

१. *प्रयोग कुठे झाला?* बशीत जंतू वाढवून त्यात औषध टाकले की भोवती जंतूविरहित स्वच्छ वर्तुळ दिसते. ही पहिली पायरी आहे. जखमेत पू असतो, प्रथिने असतात, मीठ असते. ही सगळी चांदीच्या आयनांना बांधून ठेवतात. शिवाय तिथे बायोफिल्मही असते. बशीतला निकाल जखमेत तसाच मिळेल असे नाही.

२. *प्राण्यांवर झाला असेल तर कोणत्या?* उंदरांची कातडी सैल असते. त्यांची जखम मुख्यतः आकसून बंद होते. आपली जखम बऱ्याच अंशी नवे मांस आणि नवी कातडी येऊन भरते. म्हणून उंदराच्या जखमेत दिसलेला वेग माणसात दिसेलच असे सांगता येत नाही.

३. *तुलना कशाशी केली?* द्रावणात न वापरले गेलेले सिल्व्हर नायट्रेट उरले असेल तर तेही जंतू मारते. कण नीट धुऊन घेतले का, आणि नुसता अर्क, नुसते सिल्व्हर नायट्रेट व नॅनोकण यांची वेगवेगळी चाचणी केली का, हे पाहावे लागते.

४. *माणसांवर चाचणी झाली का?* आणि झाली असेल तर पेशींना इजा, ॲलर्जी, रक्तात चांदी जाण्याचे प्रमाण हे तपासले का?

हरित पद्धतीच्या नॅनोकणांवरचे बहुसंख्य प्रयोग अजून पहिल्या दोन पायऱ्यांवर आहेत. भारतात नॅनो औषधांची तपासणी कशी व्हावी याची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. गुणवत्ता, सुरक्षितता आणि परिणामकारकता यांचा पुरावा त्यानुसार द्यावा लागतो.

चांदीच्या ड्रेसिंगबद्दल माणसांवरचा पुरावा काय सांगतो?

कारखान्यात बनणारी चांदीची ड्रेसिंग आणि मलमे अनेक वर्षे वापरात आहेत. त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष आपल्या अपेक्षेपेक्षा थंड आहेत.

- २०१० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २६ चाचण्यांचा, म्हणजे २,०६६ रुग्णांचा आढावा घेतला. चांदीमुळे जखमेतला संसर्ग टळतो किंवा जखम लवकर भरते, असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही.
- २००९ मध्ये ब्रिटनमध्ये पायाच्या अशुद्ध रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे झालेल्या जखमांवर २१३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनंतर चांदीचे ड्रेसिंग आणि साधे न चिकटणारे ड्रेसिंग यांत जखम भरण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही.
- वरवरच्या भाजलेल्या जखमांत सिल्व्हर सल्फाडायझीनपेक्षा आधुनिक ड्रेसिंगने जखमा लवकर भरल्याचे अनेक चाचण्यांत दिसले.
- मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, केवळ जखम भरावी म्हणून चांदीचे किंवा इतर जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नये.

मग चांदी निरुपयोगी आहे का? तसेही नाही. जखमेत जंतूंचा भार वाढल्याची चिन्हे असतील, मोठ्या भागावर भाजले असेल, किंवा ड्रेसिंग वारंवार बदलणे अवघड असेल, तर डॉक्टर काही दिवसांसाठी चांदीचे ड्रेसिंग निवडतात. साधारण दोन आठवड्यांनी जखम पुन्हा तपासायची, जंतूंची चिन्हे गेली असतील तर चांदी थांबवायची आणि फरकच नसेल तर कारण शोधायचे, अशी पद्धत आहे. महिनोन् महिने तेच ड्रेसिंग चालू ठेवणे चुकीचे आहे.

चांदीचे दुष्परिणाम

- मोठ्या जखमेवर किंवा दीर्घकाळ वापरल्यास चांदी रक्तात शिरू शकते.
- त्वचेत चांदी साठून ती कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. हा बहुधा चांदीची द्रावणे पिणाऱ्यांमध्ये दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच दुकानात मिळणारी अशी द्रावणे सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत असे जाहीर केले.
- जखमेवर जळजळ, डाग किंवा ॲलर्जी होऊ शकते.
- सिल्व्हर सल्फाडायझीनमध्ये सल्फा असते. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी, गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत आणि दोन महिन्यांखालील बाळांसाठी ते वापरू नये.
- काही चांदीची ड्रेसिंग सलाइनने भिजवायची नसतात, कारण मिठातले क्लोराइड चांदीला बांधून टाकते. अशी ड्रेसिंग निर्जंतुक पाण्याने ओली करतात. पाकिटावरची सूचना वाचा किंवा ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना विचारा.

घरी जखमेची काळजी कशी घ्याल?

*हे करा*

- हात साबणाने धुवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटे दाबून धरा. मध्येच उचलून पाहू नका.
- जखम पिण्याच्या स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा. माती, काटे, खडे निघून जाऊ द्या.
- स्वच्छ, न चिकटणारी पट्टी लावा. ओली किंवा घाण झाली की बदला.
- भाजल्यास त्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढा.
- धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.
- मधुमेह असेल तर रोज झोपण्यापूर्वी तळपाय पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा. घरातही अनवाणी चालू नका.
- वापरलेल्या पट्ट्या कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत टाका. गटारात किंवा उघड्यावर टाकू नका.

*हे करू नका*

- वाटलेला पाला, हळद, शेण, राख, कॉफीपूड, टूथपेस्ट जखमेवर लावू नका. पाल्यात औषधी घटक असले तरी मातीतले जंतूही असतात, आणि लेपाखाली जखम कशी आहे ते दिसत नाही.
- सिल्व्हर नायट्रेट आणून घरी प्रयोग करू नका. त्याने त्वचा काळी पडते आणि डोळ्यांना गंभीर इजा होते.
- ऑनलाइन मिळणारे "नॅनो सिल्व्हर" द्रावण पिऊ नका आणि डॉक्टरांना न विचारता जखमेवरही फवारू नका.
- मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मिठाईवरचा चांदीचा वर्ख जखमेवर लावला तर चालेल का?*
नाही. तो निर्जंतुक नसतो, त्याची शुद्धता तुम्हाला माहीत नसते, आणि त्यातून किती चांदी सुटेल याला काही मोजमाप नाही.

*कडुलिंबाच्या पाण्याने जखम धुतली तर?*
अखंड कातडीवर आंघोळीला वापरा, हरकत नाही. उघड्या जखमेला स्वच्छ पाणी किंवा सलाइन पुरते.

*डॉक्टरांनी चांदीचे ड्रेसिंग सुचवले आहे. महाग आहे, घेऊ का?*
त्यांना तीन गोष्टी जरूर विचारा: कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि साध्या ड्रेसिंगने चालेल का. असे विचारल्याचा कोणत्याही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही.

*हे हरित नॅनोकण पुढे खरेच उपयोगी पडतील का?*
शक्यता चांगली आहे. स्वस्त, साध्या पाण्यात बनणारे आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर चालणारे मलम आपल्यासारख्या देशाला हवेच आहे. कापसाच्या पट्टीत, कायटोसानच्या पातळ पडद्यात किंवा जेलमध्ये हे कण बसवून ते हळूहळू सुटतील अशी रचना करण्यावर काम चालू आहे. कण एकसारखे बनवणे आणि माणसांवर चोख चाचण्या करणे हे दोन अडथळे ओलांडले की त्यांची खरी किंमत कळेल.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

- जखमेभोवती लाली पसरत असेल, सूज, पू, दुर्गंधी किंवा ताप असेल.
- जखम खोल असेल, हाड किंवा स्नायू दिसत असेल, रक्त थांबत नसेल.
- कातडी काळी पडत असेल.
- कुत्रा, मांजर, माकड चावले असेल. जखम साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा.
- भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, जननेंद्रिय येथे भाजले असेल.
- दोन आठवडे झाले तरी जखम लहान होत नसेल.
- मधुमेह असेल आणि पायाला कसलीही जखम, फोड किंवा रंगात बदल दिसला तर. दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवा.

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्यामुळे शेवटचा मुद्दा तुमच्या घरातल्या कुणाला तरी लागू पडण्याची शक्यता बरीच आहे. सुरुवातीला सांगितलेल्या रुग्णासारख्यांवर उपचार करताना आम्ही आधी मेलेली कातडी काढतो, पायाचा रक्तपुरवठा तपासतो, साखर आटोक्यात आणतो आणि जखमेवर वजन येणार नाही अशी खास पादत्राणे किंवा प्लास्टर देतो. एवढे वेळेत झाले तर बहुतेकांचा पाय वाचतो. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्यांचे दोन्ही तळपाय उजेडात नीट पाहा.